जड हाडांची नवरी

आमच्या घरातली बाज कधी दोन पावसाळे टिकली नाही. सुंभ कितीही ताणून विणा, माचा बाभळीचा घ्या नाहीतर सागाचा, वर्षभरात तिचं पोट जमिनीला टेकायचंच. आता तुम्ही म्हणाल, घरातली माणसं दांडगी असतील. तीच तर गंमत आहे. माझे बाबा तुराटीसारखे सडसडीत. गंगाआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिच्या हातातली बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत सरकायची. आणि मी तर अशी, की शेजारणी म्हणायच्या, पोट्टीले फुंकर मारली तं उडून जाईन. म्हणायच्या खऱ्या, पण कौतुकानं उचलायला गेल्या की "अव माय!" करून लगेच खाली ठेवायच्या आणि आपली कंबर चोळत घरी जायच्या. पहाटे माय जातं ओढायची, कोठ्यात बैलांच्या घंट्या वाजायच्या, आणि या सगळ्यात बाबांनी कूस बदलली की बाज अशी कण्हायची, जशी तीच रात्रभर नांगराला जुंपली होती. माय दिग्रसची, दुसऱ्या रक्ताची, म्हणून घरात तेवढी एकटी हलकी. ती म्हणायची, "मले या घरात दिली तवा माह्या बापानं सगळं इचारलं, शेती किती, बैल किती. बाजा किती लागते हे इचाराचं राह्यलं."

जेवायला बसलो की आमच्या घराचा आवाजही वेगळा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि लाल मिरचीचा ठेचा, हे सगळ्यांच्याच घरी. पण जेवण झाल्यावर बाबा अख्खी सुपारी दाढेखाली धरायचे आणि कटकन फोडायचे. अडकित्ता आमच्या घरी होता, तो पाहुण्यांसाठी. आत्या आणि मी भाजलेले चिंचोके खात बसायचो, ते आम्हाला फुटाण्यासारखे लागायचे. आम्हा तिघांचे जबडेही चौकोनी, खाली दगडी पायरी बसवल्यासारखे, आणि तिघांच्याही टाळूला मधोमध हाडाचं एक टेंगूळ. पाटवडी खाल्ली की त्याला चिकटायची आणि मग जिभेनं खरवडत बसावं लागायचं. मला वाटायचं, देवानं सगळ्यांनाच ते दिलंय. एकदा कमला नावाची माझी मैत्रीण चिंचोका फोडताना रडकुंडीला आली, तेव्हा मी म्हटलं, "टेंगळावर ठेवून दाब ना." ती म्हणाली, कोणतं टेंगूळ? मी म्हटलं, आ कर, दाखवतो. (आमच्याकडं पोरीही लहानपणी दाखवतो, करतो असंच बोलायच्या.) आणि दिलं बोट तिच्या तोंडात घालून. टाळू सपाट! मी घाबरून आणखी मागं चाचपायला लागले, तर ती कडकडून चावली. माझ्या बोटाला काही झालं नाही, तिचा हलणारा दात मात्र माझ्या बोटावर निखळून पडला. संध्याकाळी तिची माय तो दात पदराला बांधून भांडायला आली होती.

विहिरीत पोहायला शिकवायचे तेव्हा पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे. भोपळा बांधला की गावातली सगळी पोरं बेडकासारखी वर यायची. मला एक बांधला, बुडाले. दोन बांधले, तरीही भोपळ्यांसकट खाली गेले. मला तळ आवडायचा. पाय टेकले की थंडगार गाळ, वर पाहिलं की हिरवं गोल आभाळ. श्वास पुरेल तोवर फिरायचं आणि मग पायऱ्यांना धरून वर चढायचं. हळूहळू गावात कुणाची बादली, कळशी, गडवा विहिरीत पडला की गळ शोधायच्या आधी मला हाक यायची. "वच्छीले बलावा." वत्सला हे माझं पाळण्यातलं नाव, ते शाळेच्या मास्तरांशिवाय कुणी वापरलं नाही. मी खाली जायची, भांडं घेऊन वर यायची, आणि बक्षीस म्हणून गुळाचा खडा मागायची. गुळाचा खडा कमी पडला, तर दुसऱ्या दिवशी त्या घरची बादली आपोआप विहिरीत पडलेली असायची. ती कशी पडायची ते या वयात कशाला सांगू?

हे सगळं काय होतं ते आम्हाला आता आता कळलं. माझी नात ऋतुजा यवतमाळला शिकते. तिची स्कूटी घसरली. स्कूटीचं तोंड वाकडं झालं, हिला खरचटलं फक्त. तरी दवाखान्यात नेलं, फोटो काढला, तर फोटो काढणारा पोरगा मशीनलाच थापा मारायला लागला, कारण हाडं पांढरीफटक दिसत होती. पुन्हा काढला, पुन्हा तसंच. मग नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना रांगेत बसवून तपासलं. त्यांनी फार छान समजावलं. म्हणाल्या, "आजी, आपलं हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं बांधलं जातं. तुमच्या घराण्यातला बांधणारा गवंडी सुटीच घेत नाही. म्हणून हाडं दाट, जड. हे रक्तातून येतं, आई नाहीतर बापाकडून, आणि फार क्वचित दिसतं." मग विचारलं, घरात कुणाचं हाड मोडलंय का कधी? मी म्हटलं, "हाड नाही बाई, बाजा मोडल्या." त्या हसल्या, पण मग गंभीर होऊन म्हणाल्या, तुमच्या नशिबी सौम्य आलं. याच्याच भावकीतली काही दुखणी वाईट असतात. हाडं दाट दिसतात पण खडूसारखी मोडतात, लेकरांचे डोळे-कान जातात, हाडाच्या आत रक्त तयार व्हायला जागा उरत नाही. आम्हालाही मधूनमधून कान तपासून घ्यायला सांगितलंय. तेव्हा मी इथं हसत सांगते आहे म्हणून कुणी सगळंच हसण्यावारी नेऊ नये. मी हसते, कारण मला परवडतं.

पण गंगाआत्याला ते परवडलं नव्हतं. आमच्या भागात लग्नात नवरीला तिचा मामा घरातून कडेवर उचलून बोहल्यापर्यंत आणतो. वाटेत तिचा पाय भुईला लागू द्यायचा नाही, लागला तर वाईट. आत्याचा मामा पैलवान गडी. बारीकशी भाची पाहून त्यानं मिशीला पीळ दिला, तिला उचलली, आणि अर्ध्या मांडवात डोळे पांढरे करून खाली बसला. मामा खाली, आत्या मामाच्या मांडीवर, आणि आत्याचे पाय सगळ्या वऱ्हाडासमोर सड्यावर. नवरदेवाकडची एक म्हातारी ओरडली, "एवढीशी पोरगी आन् पैलवान बसला? हिच्या अंगात दुसरं कोणी हाये!" झालं. बैलगाड्या जुंपल्या गेल्या. आत्या ही गोष्ट आम्हाला हसवून सांगायची. पैलवानाचं तोंड कसं झालं, भटजी कसा अक्षता हातात धरून उभाच राहिला, आणि आपण आत जाऊन मुंडावळ्या काढल्या नि बुंदीच्या कढईपाशी बसून कशी बुंदी खाल्ली. "मंग, वाया जाऊ द्याची का?" गाड्या परत फिरल्या तिथपर्यंत गोष्ट आली की मात्र ती उठून चुलीतलं लाकूड मागंपुढं करायची. लाकूड नीटच जळत असायचं. तिचं लग्न पुढं झालं नाही. तेव्हापासून बाबांचा घरात एकच कायदा, वजनाची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. मायनं तो इतका पाळला, की दिग्रसच्या आपल्या सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नाही.

मला पाहायला नेरकडचे पाहुणे आले, त्या दिवशी आत्यानं सकाळीच घरातल्या सगळ्या बाजा कोठ्यात लपवल्या आणि सतरंज्या अंथरल्या. पोहे झाले, शेवया झाल्या. मुलाच्या आईनं माझी हनुवटी उचलून पाहिली आणि म्हणाली, "मोठी नाजूक हाये हो पोरगी." आत्याला दारामागं असा ठसका लागला की मायला पाणी घेऊन धावावं लागलं. स्वयंपाक येते का, निंदण येते का, सगळं विचारून झालं. मग बाबांनी मुलाला म्हटलं, तुमाले काही इचाराचं असन तं इचारा. मुलगा पांढऱ्या धोतरात, मांडी घालून, चहाची बशी हातात. त्यानं नदीत पोरांना पोहायला शिकवायचा छंद लावून घेतलेला, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "पोह्यता येते का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. बुडता येते."

मायनं मला असा चिमटा काढला की तिचंच नख दुखलं असेल. पण त्या मुलाच्या नाकातून चहा आला. खरोखर, नाकातून. तो धोतराच्या सोग्यानं नाक पुसत हसत राहिला, आणि त्याची आई त्याच्याकडं असं बघत होती जसं हे पोरगं तिनं आजच पाहिलं. मी त्याच वेळी मनात ठरवलं, जायचं तर याच्याच घरी. त्याआधी लग्न म्हणजे मला एक जेवणाची पंगत वाटायची. त्या दिवसापासून भीती वाटायला लागली, कारण आता गमावण्यासारखं काहीतरी हातात आलं होतं. गाड्या परत फिरल्या तर?

आणि परत फिरवायला आमचे नारायणमामा पुरेसे होते. मामा दिग्रसला शिंपीकाम करायचे. अंगानं असे, की शिवलेला सदरा खुंटीला टांगलाय की मामांनी घातलाय ते जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. पण बोलणं मोठं. लग्न ठरलं होतं पण तारखेला अजून वेळ होता, तर नवरीच्या चोळ्या शिवायला मशीन गाडीत टाकून आले आणि आल्या आल्या ओट्यावर बसून जाहीर केलं, "माह्या भाचीले मी अशी नेईन, जसं देवाच्या डोक्यावर फूल वाह्यते!" माय भिंतीकडं पाहायला लागली. आत्यानं मात्र पदर खोचला.

"नारायणभाऊ, शेवटचं कवा उचललं तुमी हिले?"

"बारशाले."

"मंग एकडाव कोठ्यात चला. फूल कसं वाह्यते ते मले दाखवा."

दुपारची वेळ, बाबा शेतात, कोठ्यात एक गाभण गाय रवंथ करत उभी. मामांनी हात झटकले, माझ्या गुडघ्यांखाली एक हात घातला, पाठीला एक, आणि "जय बजरंग" म्हणून ओढलं. मी होते तिथंच. मामा वाकले ते वाकलेलेच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं पाहिलं, मी कुठं खुंट्याला बांधलेली तर नाही ना म्हणून.

"वच्छे, तू धरून ठेवून राह्यली का कायले?"

"नाही मामा."

"मंग श्वास सोड."

मी श्वास सोडला. मामांनी पुन्हा जोर केला, मी बोटभर उचलले गेले, आणि त्याच क्षणी मामांच्या धोतराची निरी सुटली. धोतर सावरावं की भाची, या विचारात त्यांनी दोन्ही सोडलं. गाय रवंथ थांबवून पाहायला लागली. आत्या कडब्याच्या पेंढीवर पडून हसत होती, तिचा आवाज निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मामा पाठमोरे होऊन धोतर नेसत म्हणाले, "गंगाबाई, हे काय हाये?" तेव्हा आत्यानं हसणं थांबवलं आणि पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसाला सगळं सांगितलं. आपल्या लग्नाचंही. मामा ऐकत गेले. मग हळूच बोलले, "दुसरा कोणी उभा करा ना मामा म्हून. माहा मावसभाऊ..."

"पैलवान होता माहा मामा," आत्या म्हणाली. "ताकदीचं काम नाही हे, भाऊ. अक्कलीचं हाये."

अक्कल आत्याची. बेत असा ठरला. माझ्या पिवळ्या लुगड्यावरून एक मोठी शाल घ्यायची, ती मामांच्याही अंगावरून यायची. भोवती आमच्या बायांचा दाट घोळका, गाणी म्हणत. मामांनी मला कवेत धरल्यासारखं करायचं, आणि मी आपल्या पायांनी, टाचा उचलून, मांजरासारखं चालायचं. डोक्याला उंच बाशिंग, म्हणजे मी वर उचललेली वाटेन. मायचा जीव खालीवर व्हायला लागला. "अन् पाय जमिनीले लागन त्याचं काय?" तिनं विचारलं. आत्या म्हणाली, "वहिनी, माहा पाय लागला तं सगळ्यायनं पाह्यला, म्हून लागला. कोणी पाह्यलाच नाही तो पाय लागत नाही." या वाक्यावर मी आजपर्यंत खूप विचार केलाय. मोठमोठ्या माणसांचं आयुष्य याच्यावर चाललेलं पाहिलंय मी.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मांडवात शेणाचा सडा, आंब्याच्या डहाळ्या, मागल्या अंगणात वांग्याच्या भाजीचा आणि बुंदीच्या तुपाचा वास, डफडं आणि सनई. वऱ्हाड आलं, नवरदेव बोहल्यावर उभा राहिला, भटजींनी अंतरपाट धरायला माणसं उभी केली आणि हाक दिली, नवरीले आणा. आम्ही माजघराच्या उंबऱ्यात तयार. शाल अंगावर, आत्या डाव्या हाताला, माय उजव्या. आणि तेवढ्यात नवरदेवाकडचा कुणीतरी आगाऊ माणूस मामांना पाहून म्हणाला, "अरे बापा! ही उदबत्ती उचलीन का नवरीले?"

सगळे हसले. मामांचा चेहरा मी शालीतून पाहिला. माणसाच्या डोक्यातून अक्कल बाहेर जाऊन ताठा आत शिरतो तो क्षण मी इतक्या जवळून पुन्हा कधी पाहिला नाही. "मामा, नाही," मी म्हटलं. "मामा, ठरलं ते..." पण मामांनी दातओठ खाल्ले आणि मला खरंच उचललं. काय सांगू, उचललंच! माझे पाय उंबऱ्यावरून सुटले, बायांनी गाणं चढवलं, मामांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मांडवाच्या तोंडाशी त्यांच्या कमरेतून "खट्" असा आवाज आला. तो माझ्याशिवाय कुणाला ऐकू आला नाही. मी अलगद खाली आले. शालीच्या आत माझे पाय सड्यावर, आणि मामा माझ्या गळ्यात पडलेले.

"वच्छे," मामा माझ्या कानात म्हणाले, "माही कंबर गेली व."

"चाला मामा. टेकून चाला."

"पाय उचलत नाही."

"थोडंसं."

"नाही उचलत म्हून तं सांगून राह्यलो ना! आन् निरीबी सुटून राह्यली."

सनई वाजतच होती. भटजी पुन्हा ओरडले, मुहूर्त चालला. नवरदेवाकडच्या बाया माना उंच करून बघायला लागल्या, आणि त्यांच्यातली एक म्हातारी दुसरीला काहीतरी म्हणाली. मी आत्याकडं पाहिलं. आत्या, जी कशालाही हसायची, तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. ती मांडवाच्या त्याच जागेकडं बघत होती, जिथं पैलवान बसला होता. अंगण तेच होतं ना आमचं.

मग मी फार विचार केला नाही. शालीच्या आतून मामांच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला, सुटणारी निरी मुठीत दाबली आणि मामांना उचललं. पाण्याचा भरलेला हंडा मामांपेक्षा जड असतो, खोटं नाही सांगत. त्यांचे पाय भुईपासून चार बोटं वर लटकले. मी तोंड त्यांच्या खांद्यात लपवलं, नवरीला शोभेल असं, आणि चालू लागले. आत्याला काय झालं ते पावलाभरात कळलं. तिच्या तोंडात गाणं होतं, ते एकदम दुप्पट झालं. तिनं बायांना कोपरांनी ढकलून घोळका आवळला, शालीचं टोक खाली ओढलं. मामांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. एकजण म्हणाली, "पाहा व, भाची चालली म्हून कसा रडून राह्यला!" दुसरी म्हणाली, "दिसते काडी, पण चालते कसा, पाऊल वाजत नाही याचं." कसं वाजेल? मामा मधूनच हळूच कण्हायचे, ते सनईत मिसळून जायचं.

बोहल्यापाशी मी मामांना मांडवाच्या मेढीला टेकवून उभं केलं आणि आपल्या पाटावर चढले. पाट करकरला. अंतरपाटापलीकडं नवरदेवाला खोकल्याची उबळ आली, ती मंगलाष्टकं संपेपर्यंत गेली नाही. तांबड्या ज्वारीच्या अक्षता आमच्यावर पडत राहिल्या, अंतरपाट खाली गेला, हार घातले गेले. नवरदेवाचे डोळे पाण्यानं भरलेले. मला वाटलं, खोकल्यानं असतील. आत्या आणि माय मामांना दोन्ही बाजूंनी धरून, मानानं नेतोय असं दाखवत, कोठ्यात घेऊन गेल्या आणि गरम विटेनं शेकलं. त्या दिवसानंतर मामांचं नाव झालं बरं. नेरकडचे लोक दिग्रसला बाजाराला गेले की मुद्दाम त्यांच्या दुकानात डोकावायचे. दुसऱ्यांच्या लग्नातसुद्धा नवरी उचलायला बोलावणं यायचं. मामा मशीन न थांबवता सांगायचे, "मी फक्त सख्ख्या भाचीलेच उचलतो."

पण ते पुढचं. त्या दिवशी पंगत बसली तेव्हा माझा कान अजून बाहेरच्या गाड्यांकडंच होता. आम्ही दोघं शेजारी शेजारी, ताटाभोवती रांगोळी, समोर वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी. सगळे वाट बघतायत, नवरदेव घास उचलेल म्हणून. आणि नवरदेवानं हात मागं घेतला. मान खाली घातली. खांदे हलायला लागले. "रुसले, जावई रुसले!" असा गलका झाला. नवरदेवानं पंगतीत रुसायची आणि सासऱ्यानं काहीतरी देऊन उठवायची रीतच होती. बाबा घड्याळ आणायला आत पळाले. पण मला ते रुसणं वाटेना. आत्या बुंदीची परात घेऊन आमच्यासमोर आलेली, ती तशीच थांबली. तिला कळलं होतं, मला कळलं होतं.

त्यानं तोंड माझ्याकडं न वळवता, ओठ न हलवता म्हटलं, "मी पाह्यलं."

मी ताटातल्या बुंदीकडं बघत राहिले.

"अंतरपाटाखालून फक्त पायच दिसते ना," तो म्हणाला. "हळदीचे दोन पाय येऊन राह्यलते, चांगले पावलं टाकत. आन् त्याच्या बाजूनं दोन धोतराचे पाय. हवेत. आंगठे वाकडे करून."

आत्याच्या परातीतून बुंदीच्या दोन-चार कळ्या रांगोळीवर पडल्या. बाहेर कुठंतरी बैलांच्या घंट्या वाजल्या. गाड्या जुंपताहेत असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटले.

"एक इचारतो," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज हसण्यानं फाटत होता. "आमच्या गावात नवऱ्यानं नवरीले येशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत कडेवर न्याची रीत हाये. सारं गाव पाह्याले येते. मामाजीची जशी सोय केली, तशी माही होईन का?"

मी डोळे उघडून पाहिलं तर आत्या आधीच वाकली होती, आणि त्याच्या ताटात बुंदीवर बुंदी, बुंदीवर बुंदी वाढत होती, ताट भरून भुईवर सांडली तरी तिचा हात थांबत नव्हता. ती रडत होती की हसत होती, ते मला तेव्हाही कळलं नाही. बाबा घड्याळ घेऊन धावत येताना दिसले. मी मान खालीच ठेवली, नवरीला शोभेल अशी, आणि हळूच म्हटलं,

"धोतर घट्ट नेसा."